उरलेल्या पायऱ्या

लिंबगिरी महाराज पिंपळवाकीला आले ते दिवाळी सरल्यावर. नदीकाठी सिद्धेश्वराचे देऊळ, त्याच्या आवारात कडुनिंब, आणि त्या निंबाखाली महाराजांची घोंगडी. गावाला वाटले, बुवा दोन दिवस राहतील आणि पुढच्या गावची वाट धरतील. पण चैत्र उजाडला तरी महाराजांनी घोंगडी उचलली नाही. का उचलली नाही, ते आता ऐका.

त्या गावी कोंडाबाई नावाची एक कोळीण होती. नवरा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. तिचे म्हणावे असे जगात एकच होते, ते म्हणजे मानाची घागर. चैत्रातल्या उत्सवाच्या सकाळी नदीतून पहिली घागर भरून आणायची आणि त्या पाण्याने देवाला स्नान घालायचे, हा तिच्या सासरचा मान. सासूने तो सांभाळला, सासूच्या सासूनेही सांभाळला. कोंडाबाईवर वेळ आली आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांनी उभा दावा मांडला. सकाळी उठताना भिंत धरावी लागे. उकिडवे बसले की उठायला दुसरे माणूस लागे. शेजारणीच्या सांगण्यावरून तिने बिब्बा घातला, तर दुखणे राहिले आणि वर फोड उठले. घ्या!

देवळाचा कारभार त्र्यंबकपंतांकडे. माणूस लबाड नव्हता, पण मानी भारी. कोंडाबाईला कठडा धरधरून घाट उतरताना त्यांनी पाहिले आणि चारचौघांत म्हणाले, "कोंडाबाई, तुला स्वतःचा उंबरा चढवत नाही, घागर काय चढवणार? उत्सवाला स्वतःच्या पायांनी उतरून पाणी आणलेस तर मान तुझा. नाहीतर यापुढे घागर आमची सून आणील."

कोंडाबाई घाटावरून घरीही गेली नाही. तशीच ती लंगडत महाराजांकडे गेली.

"म्हाराज, गुडघ्यांस्नी तापल्या सळीचा डाग घ्यायला निघाले व्हते. म्हनलं, आदी तुमच्या पाया पडावं. पर पडू तरी कशी? वाकले तर उठवत न्हाई."

"मग वाकू नकोस," महाराज म्हणाले. "देव काय वाकलेली माणसे मोजत बसला आहे? त्या ओट्यावर बस, पाय खाली सोडून."

महाराजांनी स्वतः तिच्या गुडघ्यांवर हात ठेवून पाहिले. सुजले होते, हाताला ऊन लागत होते. महाराजांना फार कळवळा आला. म्हणाले, "माये, डाग बैलालासुद्धा देऊ नये, तू कशाला घेतेस? निर्गुडीचा पाला उकळ, त्या पाण्याचा सोसेल तेवढा शेक घे. तिळाचे तेल हलक्या हाताने चोळ. उकिडवे बसायचे नाही, मांडी घालायची नाही. भाकरीसुद्धा उंच चुलीवर, उभ्याने. काठी घे, पण जो गुडघा जास्त दुखतो त्याच्या उलट्या हातात. आणि अंथरुणाला खिळून राहू नकोस. रोज थोडे चाल. जप करतेस ना?"

"करते की. पडल्या पडल्या."

"आता बसून कर. 'शंभो' म्हणत एक पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळून धरायची. 'हर हर' म्हणत सावकाश खाली ठेवायचा. मग दुसरा."

कोंडाबाईने जीभ चावली. "आवो, द्येवाचं नाव, आन् पायानं?"

"मग पाय काय मामाच्या घरून आणलेस?" महाराज हसले. "ते त्यानेच दिलेले. त्यांनाही नाव घेऊ दे."

कोंडाबाईने ऐकले. पण तिच्या घराचा ओटा नेमका देवळासमोर! ती बसून एकेक पाय सरळ करू लागली की तळवा थेट कळसाकडे. त्र्यंबकपंतांनी ते पाहिले आणि ओरडलेच, "अगं अगं! देवाला लाथा दाखवतेस?" झाले. गावाला आयता तमाशा मिळाला. पोरेटोरे तिच्या ओट्यासमोरून तंगड्या उडवत जाऊ लागली. पंत तर महाराजांपुढेच जाऊन उभे राहिले. "महाराज, शास्त्रात जपाला माळ सांगितली आहे, तंगडी नव्हे!"

"खरे आहे, पंत," महाराज शांतपणे म्हणाले. "पण माळ धरून तिला घाट उतरता यायचा नाही."

कोंडाबाई घरात जाऊन रडे आणि डोळे पुसून पुन्हा ओट्यावर बसे. शेक, तेल आणि जप तिने एक दिवस चुकवला नाही. दुखणे एका रात्रीत कुठे जाते? पण हळूहळू सूज उतरली. शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ती भिंत न धरता उठली आणि आपण उठलो हे तिला अंगणात आल्यावर कळले! काय आनंद झाला असेल त्या माउलीला! काठी टेकत ती बाजारापर्यंत जाऊ लागली. आपला मान राहणार, असे तिला वाटू लागले.

उत्सवाची सकाळ आली. घाटावर माणूस मावेना. पण गेल्या पावसाळ्यात पावसाने ओढ दिली होती, नदी कधी नव्हे इतकी आटली होती. एरवी पाण्याखाली असणाऱ्या जुन्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. फुटक्या, निसरड्या आणि कमरेएवढ्या उंच. त्या पाहून धडधाकट बायाही मागे सरल्या.

कोंडाबाई उतरू लागली. महाराजांनी शिकवले होते तसे, दुखरा पाय आधी, मग दुसरा. नेहमीची शेवटची पायरी तिने गाठली. पुढे फुटक्या पायऱ्या. एक पाय खाली सोडून पाहिला, तोच गुडघ्यातून अशी कळ आली की ती मटकन खाली बसली. पाणी डोळ्यांसमोर होते आणि हाताला येत नव्हते.

"बघा, मी म्हणालो नव्हतो?" वरून पंतांचा आवाज आला. "सूनबाईंना बोलवा रे."

कोंडाबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. नदीकडे बघत ती म्हणाली, "द्येवा, मला हितवरच येतं रं. ह्याच्या म्होरं न्हाई येत."

इतक्यात गर्दी बाजूला सारत महाराज घाटाच्या माथ्यावर आले. त्यांनी देवळाकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सिद्धेश्वरा! हिच्याच्याने जेवढे झाले तेवढे हिने केले. एवढ्या पायऱ्या ती उतरली. आता उरलेल्या तू चढ!"

काय सांगावे, भाविकहो! आभाळात ढगाचे नाव नव्हते. पण नदी हलली. ना लोंढा, ना खळखळ. संध्याकाळी गाय आपल्या गोठ्याकडे यावी तसे पाणी निवांत वर येऊ लागले. एक पायरी बुडाली, दुसरी बुडाली, आणि कोंडाबाईच्या तळव्यांना गार पाणी लागले. कोंडाबाईने बसल्या जागी घागर तिरपी केली. ती काठोकाठ भरली, तसे पाणी आल्या वाटेने माघारी गेले.

मग मात्र "हर हर महादेव" अशी आरोळी उठली की निंबावरचे पक्षी उडाले!

बायांनी घागर तिच्या डोक्यावर ठेवली. आधार द्यायला हात पुढे आले, तर ती म्हणाली, "नगा. चढायचं शिकवलंय मला." चांगला पाय आधी, मग दुखरा. मध्ये थांबत, दम खात ती वर येऊ लागली.

ती येईपर्यंत पंतांना धीर निघाला नाही. डोक्यावरची पगडी काढून ते पायऱ्या उतरले आणि सगळ्या गावादेखत त्यांनी तिच्या ओल्या पायांवर डोके ठेवले.

"ज्या पायांना मी तंगड्या म्हणालो, त्यांना भेटायला नदी चढून आली," ते रडत म्हणाले. "आणि मी कधी दोन पायऱ्या उतरून हात दिला नाही."

कोंडाबाई गडबडली. "पंत, उटा बाबा! डोक्यावर घागर हाय, मला वाकून उटवता यायचं न्हाई तुमास्नी."

"राहू दे गं त्यांना जरा," महाराज वरून म्हणाले. "तुझे गुडघे पाल्याने शेकता आले. त्यांच्या आखडलेल्या मानेला दुसरे औषध नव्हते."

घाट हसला. रडता रडता पंतही हसले. उठून त्यांनी डोळे पुसले आणि मुकाट्याने आपला खांदा कोंडाबाईपुढे केला. ती क्षणभर थबकली. मग आपला ओला हात तिने पंतांच्या खांद्यावर ठेवला, आणि दोघे मिळून देवाचे पाणी घेऊन वर गेले.