दगडाला स्नान

श्री निर्मळनाथ महाराज त्या उन्हाळ्यात खडकवाडीच्या दगडखाणीजवळ एका कडुनिंबाखाली उतरले होते. खाणीत यल्लप्पा नावाचा भाबडा मजूर होता. धुळीने छाती भरून त्याचा थोरला भाऊ गेला होता. आता यल्लप्पाला आणि त्याच्या जोडीदारांनाही खोकला लागला होता.

तो महाराजांना म्हणाला, "महाराज, देवपूजेला सवडच होत नाही. काय करू?"

महाराज हसले. "अरे, तुझा महादेव तर तुझ्या छिन्नीखालीच आहे! आधी त्याला स्नान घाल, मग घाव घाल."

यल्लप्पाने ते शब्दशः धरले! घाव घालण्याआधी तो "हर हर महादेव" म्हणून दगडावर तांब्याभर पाणी ओतू लागला. आणि मुलांनो, ओल्या दगडातून धूळ उडेना. खोकला कमी झाला, तसे जोडीदारही पाणी ओतू लागले.

मुकादम भुजंगराव मात्र खो खो हसला. "काय रे, आज स्नान, उद्या दगडाला मुंज का? बंद करा सगळं! पाणी पिण्यापुरतंच मिळेल."

दुपारी कोरड्या दगडावर घण पडू लागले. वारा पडलेला. पांढरी धूळ खाणीत कोंडली. माणसे खोकून खोकून खाली बसली. मजुरांना घाई लावायला खाणीत उतरलेला मुकादमच गुदमरून कोसळला!

यल्लप्पाच्या तांब्यात घोटभर पिण्याचे पाणी उरले होते. त्याने स्वतःच्या कोरड्या घशाकडे पाहिले नाही. "महाराज, सांभाळा हो!" म्हणत त्याने दगडावर तांब्या उपडा केला.

काय नवल! पाणी थांबेचना. दगड भिजले, जमीन भिजली, धूळ खाली बसली. खाणीच्या काठावर महाराज उभे होते. "ओत, ओत," ते म्हणत होते, "महादेवाला थंडी वाजत नाही!"

यल्लप्पाने ओल्या फडक्याने मुकादमाचे तोंड पुसले. त्याला श्वास आला. उठताच तो धावत महाराजांच्या पायाशी गेला.

"माझ्या नव्हे," महाराज म्हणाले, "आपल्या तोंडचं पाणी ज्यानं दिलं, त्याच्या पाया पडा."

भुजंगरावाने यल्लप्पाच्या पायांवर डोके ठेवले. "उद्यापासून दगडाच्या पाण्याचा हंडा मी वाहीन, यल्लप्पादादा!" यल्लप्पा लाजून पाय मागे घेऊ लागला, पण मुकादम काही सोडेना. शेवटी महाराजच हसून म्हणाले,

"उठा आता भुजंगराव, तांब्या अजून वाहतोय. हंडा आणा!"