शेंदराखालची पावलं

फार मागची गोष्ट. नदी जिथं पायी ओलांडता येते, तिथं एक गाव होतं. गावाच्या वेशीत एक उंच दगड उभा होता, शेंदरानं असा माखलेला की नाक-डोळे काही दिसायचे नाहीत. गावातली माणसं मूळची तिथली नव्हती. आधीचं गाव लढाईनंतरच्या दुष्काळात ओस पडलं, मग ही माणसं येऊन वसली. दगड त्यांना तसाच उभा सापडला. वेशीतला दगड म्हणजे देवच, असं धरून कुणीतरी तेल-शेंदूर वाहिला, आणि दर शनिवारी वाहायची रीतच पडली.

त्या गावात एक नवी सून आली. अंगाची हळद उतरते न उतरते तोच तिचा नवरा राजाच्या फौजेबरोबर दूर मुलखात गेला. सासूनं तिला शनिवारचं व्रत दिलं. उपास करायचा, कोमट तेल वाहायचं आणि देवाचं नाव घेऊन, धन्याला सुखरूप आण, असं मागायचं.

"पण आत्याबाई, नाव कोणतं घेऊ?" सुनेनं विचारलं.

सासू म्हणाली म्हसोबा, शेजारीण म्हणाली वेताळ. गुरवानं सांगितलं की नुसतं देवा म्हटलं तरी पोचतं. सुनेचं समाधान होईना. तरी ती नेमानं तेल वाहू लागली.

दगडाच्या सावलीत एक म्हातारा बसलेला असे. सासू त्याला हटकायची. "बाबा, सरक की जरा. देवाला टेकून बसतोस, तुला सोवळं-ओवळं काही आहे का?" म्हातारा हसायचा आणि सरकायचा.

एका शनिवारी उन्हानं तडकलेल्या शेंदराचा पोपडा तेलाबरोबर निसटला. खाली एक पाऊल दिसलं. पावलात वहाण होती आणि वहाणेचा अंगठा तुटून सुतळीनं बांधलेला होता.

सून वाकून बघतच राहिली. देव असली वहाण घालून कुठं निघाला असेल, असं तिनं हळूच सासूला विचारलं.

सासू घाबरली. "आधी त्यावर शेंदूर लाव. माझ्या लेकाला काही झालं, तर गाव म्हणेल हिनंच देव उघडा केला. मग तुला इथं कुणी राहू देणार नाही."

शेंदराची वाटी सुनेच्या हातातच होती. दोन बोटं फिरवली की झाकलं गेलं असतं. तिनं वाटी खाली ठेवली.

"आत्याबाई, माझं कुंकू मी ज्याच्या हवाली करतेय, तो आहे तरी कोण, हे मला कळायला नको?"

तिनं हात जोडले, चूक असेल तर ती माझ्या एकटीवर येऊ दे म्हणाली, आणि तेल-काथ्या घेऊन दगड घासू लागली.

माणसं जमली. कुजबुज झाली, पण तिला अडवायला कुणी पुढं होईना. बघायचं तर त्यांनाही होतं. पोपडे गळत गेले आणि आतून माणसं निघाली. एक भालेवाला, एक विळा उगारलेला, एक तुटक्या वहाणेचा, आणि कडेला गळ्यात ढोल अडकवलेला एक तरणा.

म्हातारा उठून दगडाशी आला. तो सांगू लागला, की नदीच्या उतारावर शत्रूला अडवलं ती ही माणसं. भालेवाला हैबती. विळेवाला धाकू, कापणी अर्धी टाकून धावला. वहाणेचा सटवा, रोज म्हणायचा उद्या शिवतो.

"आणि हा ढोलवाला?" सुनेनं विचारलं.

म्हाताऱ्यानं दगडातल्या ढोलावरून बोटं फिरवली. "हा मी आहे, पोरी. मला धरून नेलं होतं, गावानं मेला समजून मलाही इथं कोरलं. सुटून आलो तर गाव नव्हतं, आणि हा दगड असा लाल. मला वाटलं, माझी आठवण ठेवणारं कुणी उरलंच नाही."

सासूनं डोक्यावर पदर घेतला आणि ती त्याच्या पायाशी वाकली. म्हाताऱ्यानं पाय मागं घेतले.

"पाया नका पडू, बाई. मला अजून भूक लागते."

सासू डोळे पुसत हसली आणि घरून ताट घेऊन आली. तेव्हापासून सून तेल वाहताना तिन्ही नावं घेई आणि म्हणे, आमच्या माणसांना तुमचं धैर्य द्या, आणि या बाबांसारखं परत आणा.

सुगीनंतर फौज परतली. तिचा नवराही आला, दंडावर घावाची खूण घेऊन. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, लेकाला पोटाशी धरलं आणि मग विचारलं, "तुझ्याबरोबरचे कोण कोण तिकडेच राहिले? त्यांचे चेहरे आठवतात तोवर सांग."

लेक म्हाताऱ्याशेजारी बसला आणि एकेक नाव सांगू लागला. सून पाथरवटाला बोलवायला गेली.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: ज्यांच्या जिवावर आपण सुखानं नांदतो, त्यांना नुसता नमस्कार पुरत नाही. त्यांची नावं विचारावीत, आणि त्यांतलं कुणी जवळ बसलेलं असेल तर आधी त्याला जेवू घालावं.