केरबाची बस भरली

भोकरपेठेत केरबा नावाचा एक भोळा ड्रायव्हर होता. गावाला बस एकच, आणि ती केरबाच्या हाती. मोटारी मात्र रोज वाढत होत्या. त्यांच्यासाठी नगरपालिकेने रस्ता दोनदा रुंद केला. पहिल्यांदा फुटपाथ गेला, दुसऱ्यांदा बसथांबा. कोंडी होती तिथेच राहिली.

एके दिवशी मुख्याधिकारी वर्तक साहेबांनी केरबाला बोलावलं. महिनाअखेरीपर्यंत बस भरली नाही तर भंगारात काढू, म्हणाले. बसवर केरबाचा भारी जीव. साहेबांनी उपायही सांगितला: वाटेत वेळ घालवू नकोस.

दुसऱ्या दिवशी केरबाने वाटेत वेळ घालवला नाही. म्हणजे कुठे थांबलाच नाही. लोक हात दाखवून दमले. बस अगदी वेळेवर पोचली, रिकामी.

साहेबांनी कपाळाला हात लावला. रांगेत माणसं दिसली की थांबायचं आणि झाडून सगळ्यांना घ्यायचं, असं बजावलं.

केरबाला रांग दिसली ती रेशन दुकानापुढे. "चला, साहेबांचा हुकूम आहे," तो म्हणाला. लोकांना वाटलं, आज धान्य दुसरीकडे वाटतायत. शेवटच्या थांब्यावर उतरले, तर समोर स्मशान. रांगेतल्या हौसाबाईने रिकामी पिशवी घेऊन थेट कचेरी गाठली आणि साहेबांची बिनपाण्याने केली.

साहेब केरबावर वैतागले. "अरे बाबा, मोटारीतली माणसं बसमध्ये आली पाहिजेत. मग बस भरेल आणि कोंडीही सुटेल."

हे केरबाला मनापासून पटलं.

सोमवारी बाजाराच्या दिवशी रस्ता तुंबला. पुढे मोटारीच मोटारी, मागे केरबाची बस. तो खाली उतरला आणि प्रत्येक मोटारीपाशी जाऊन हात जोडू लागला. तासभर उन्हात शिजलेली माणसं ती. एकाने मोटारीला कुलूप लावलं, तसं दुसऱ्यानेही लावलं. चाव्या खिशात टाकून सगळे बसमध्ये चढले. साहेबही त्याच कोंडीत होते. भरलेली बस बघून त्यांना भरून आलं. तेही आपल्या ड्रायव्हरसकट चढले.

"साहेब, आता भंगारात नाही ना काढणार?"

"छे, छे. चल, निघ आता."

"निघू कसा? पुढं मोटारी हायत."

"मग हॉर्न दे त्यांना."

"देतो की साहेब," केरबा म्हणाला. "पण ऐकणारे सगळे आपल्याच बसमध्ये बसल्यात."