हरबानं घर आवरलं

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव हरबा. हरबा मूर्ख होता की नुसताच आज्ञाधारक, याबद्दल गावात दोन मतं होती.

हरबाची आई मरताना त्याला म्हणाली होती, "बाळा, कुठलीही वस्तू टाकू नकोस. कधी ना कधी उपयोगी पडते." त्या दिवसापासून हरबानं काहीही टाकलं नाही. मोडकी छत्री ठेवली. छत्रीच्या निखळलेल्या काड्या वेगळ्या ठेवल्या. झिजलेले खराटे ठेवले. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या ठेवल्या. नारळ फोडला की करवंटी ठेवली, शेंडीसुद्धा ठेवली. घर दोन खोल्यांचं. दारापासून चुलीपर्यंत जायला एकच वाट उरली होती, आणि तीही आडवं होऊन चालायची.

त्याची बायको गोजरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. हरबा बारशाला जाऊन आला. तिथं लेकीनं त्याचं बोट धरलं, ते सोडेचना. हरबा दुपारभर तसाच बसून राहिला, कारण बोट सोडवून घेतलं तरी चालतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. घरी परतला तो एकच ध्यास घेऊन. दोघी घरी कधी येतात?

मग सासूबाईंचा निरोप आला. "अक्षय्यतृतीया झाली की दुसऱ्या दिवशी दोघींना घेऊन येते. घरात पाळणा टांगायला जागा दिसली तर ठेवून जाईन. नाही दिसली तर आल्या गाडीनं परत नेईन. माझी नात मी खापऱ्यांत झोपवणार नाही."

शेजारीच हरबाची सोनाआत्या राहायची. तो तिच्याकडे गेला.

"आत्या, जागा कशी करतात?"

"घर आवरून."

"पण आई म्हणाली होती, टाकू नकोस."

"तुझी आई माझी भावजय होती. ती काय काय म्हणायची ते तुझ्याआधीपासून ऐकलंय मी. आता माझं ऐक. वर्षभरात ज्याला कुणाचा हात लागला नाही, ते बाहेर काढ. सोपं आहे."

हरबा घरी आला. एक खराटा उचलला. याला वर्षभरात हात लागलाय का? त्यानं हाताकडे पाहिलं. हातात खराटा होता. म्हणजे लागलाय. ठेवला. करवंटी उचलली. हिलाही लागलाय. ठेवली. दिवस मावळेपर्यंत त्यानं घरातली एकूण एक वस्तू उचलली आणि जागच्या जागी ठेवली.

आत्या बघायला आली.

"काय काय काढलंस?"

"काहीच नाही. सगळ्याला हात लागलेला आहे."

"कधी लागला?"

"आजच. फार वापर आहे गं आत्या आपल्या घरात."

आत्यानं कपाळाला हात लावला. "अरे, हात लावत बसू नकोस. डोळ्यांनी बघ. एकासारख्या एक दोन वस्तू दिसल्या की त्यातली एक ठेव, एक टाक. एका घराला किती लागतं?"

"एक," हरबा म्हणाला.

"शहाणा माझा," आत्या म्हणाली. हे ती फार लवकर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हरबानं डोळ्यांनी बघितलं. चपला दोन होत्या, आणि अगदी सारख्या. एक टाकली. जात्याचे दगड दोन होते. एक उकिरड्यावर नेला. जड होता, पण नेला. दाराच्या फळ्या दोन होत्या. एक उचकटली. सांडशीचे पाय दोन, तेही सारखे. त्यानं मधला खिळा काढून एक पाय टाकला. खराटे मात्र अकरा होते. दोन असले तर एक टाकायचा. अकरा असले तर काय करायचं ते आत्यानं सांगितलं नव्हतं. ते सगळे राहिले.

आत्या आली तेव्हा अर्ध्या दारातून गावातलं कुत्रं बाहेर पडत होतं. हरबा चुलीपाशी बसून सांडशीच्या एका पायानं पातेलं उचलायचा प्रयत्न करत होता.

"हे काय रे मेल्या?"

"आवरतोय. पण आत्या, एका घराला एक पुरत नाही बरं का. तुझं काहीतरी चुकतंय."

आत्यानं त्याला उकिरड्यावर पिटाळलं आणि सगळं परत आणवलं. जात्याचा दगड डोक्यावरून येत होता तेव्हा ती वाटभर बरोबर चालत सांगत होती, "अरे, काही वस्तू एकमेकींना सोडून राहत नाहीत. त्यांना तोडू नये. गेल्या तर दोन्ही जातील, राहिल्या तर दोन्ही राहतील. लक्षात ठेवशील?"

"ठेवीन," दगडाखालून आवाज आला.

आणि त्यानं ठेवलं. तिसऱ्या दिवशी त्याला कोपऱ्यात एक बिनबुडाची टोपली सापडली. ही टाकायचीच, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. पण टोपलीत आत्याची खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. हरबानं तिला उठवून पाहिलं. कोंबडी परत येऊन बसली. पुन्हा उठवलं. पुन्हा बसली, वर त्याला टोचली.

"एकमेकींना सोडून राहत नाहीत," हरबा म्हणाला. त्यानं टोपलीखाली फळी सरकवली आणि कोंबडी, अंडी, टोपली असं सगळं हलक्या हातानं उकिरड्यावर नेऊन ठेवलं.

संध्याकाळी आत्या "कुर्र, कुर्र" करत गावभर फिरली. कोंबडी मिळाली. अंडी मुंगसाला मिळाली.

"बारा अंडी होती रे, हरबा! टाकण्याआधी आत काय आहे ते बघू नये का माणसानं? रिकामं असेल ते टाकावं. आत काही असेल त्याला हात लावू नये. एवढंसुद्धा कळत नाही?"

"आता कळलं," हरबा म्हणाला. तो मनापासून म्हणाला. त्याला प्रत्येक वेळी खरंच कळायचं.

चौथ्या दिवशी तो आत काय आहे ते बघत फिरला. केरानं भरलेल्या सात गोण्या होत्या. त्यांच्या आत केर होता, म्हणून ठेवल्या. पाण्याची घागर रिकामी होती. ती टाकली. मग तो उतरंडीपाशी आला. एकावर एक सहा मडकी, सर्वांत मोठं खाली, सर्वांत लहान वर. गोजरानं मांडलेली होती. हरबानं एकेक मडकं बोटानं वाजवून पाहिलं. वरच्यात लाल तिखट. त्याच्या खाली चिंच. मग हरभऱ्याची डाळ, मग गूळ, मग नाचणी. सगळी भरलेली. तळाच्या मडक्यातला तांदूळ मात्र संपला होता. ते वाजवलं तर ठण्ण वाजलं.

"रिकामं," हरबा म्हणाला.

त्याच वेळी आत्या ताकाचा तांब्या घेऊन दारात आली. त्याला अन्न मिळतं की नाही ही तिला काळजी, बाकी काही असो. तिनं पाहिलं की हरबा वाकलाय आणि त्यानं तळाच्या मडक्याला मिठी मारलीय.

"हरबा, थां..."

त्यापुढचं उतरंडीच्या आवाजात ऐकू आलं नाही. नाचणी चुलीपर्यंत गेली. चिंच छताला चिकटली. तिखट आत्याच्या वाट्याला आलं.

बराच वेळ आत्या नुसती शिंकत होती. मग ओल्या पदरानं डोळे दाबून बोलायला लागली.

"आधी वर बघ, गाढवा! वर! ज्याच्या वर काही असेल, आँक्... त्याला धक्का लावायचा नाही. ज्याच्या वर काहीच नसेल, तेच काढायचं. वरून सुरुवात करायची आणि एकेक करत खाली यायचं. छी!"

"वरून खाली," हरबा म्हणाला. "किती खाली?"

"सगळं मोकळं दिसेपर्यंत! आता मला काही विचारू नकोस. डोळ्यांची आग थांबेपर्यंत मी माझ्या लेकीकडे जाते. देवा, तुझी सासू त्या पोरीला परत घेऊन जाणार, आणि बरोबरच करणार!"

हे शेवटचं वाक्य हरबाच्या काळजात रुतलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही. सकाळी उठला आणि ठरवलं, या वेळी चूक करायची नाही. एकेक शब्द पाळायचा.

तो घराच्या मधोमध उभा राहिला आणि वर बघितलं. सामानाच्या वर माळा होता, तेव्हा सामानाला हात लावता येत नव्हता. माळ्याच्या वर वासे होते. वाशांच्या वर रिपा. रिपांच्या वर कौलं. कौलांच्या वर काय आहे ते आतून दिसेना. हरबानं शिडी लावली आणि बाहेरून चढला.

कौलांवर एक कावळा बसला होता. हरबा थांबला. वर काहीतरी आहे म्हटल्यावर हात लावायचा नाही. बराच वेळ दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग कावळा उडाला.

आता कौलांच्या वर काहीच नव्हतं.

दिवस उन्हाळ्याचे. पावसाआधी कौलं चाळायची, फुटकी काढून नवी बसवायची, हे गावात प्रत्येक घरी चाललेलं. वाटेनं जाणारा म्हणायचा, "काय हरबा, कौलं काढतोस वाटतं?"

"काढतोय."

"यंदा वेळेवर सुचलं रे तुला!" आणि तो आपल्या कौलांकडे जायचा.

हरबाला हुरूप आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला कुणी चांगलं म्हटलं होतं. त्यानं कौलं उतरवून मागच्या फणसाखाली नीट रचली. मग पाहिलं तर रिपांच्या वर काही नव्हतं. त्या काढल्या. आता वाशांच्या वर काही नव्हतं. वासे काढले. मग माळा. मग खराटे, करवंट्या, केराच्या सात गोण्या. यांच्यावर आता निव्वळ आभाळ होतं, म्हणून सगळं बाहेर गेलं. आत्याचं म्हणणं किती खरं होतं! काम आपोआप पुढं सरकत होतं. एक काढलं की खालच्याच्या वर काही उरायचं नाही.

मग भिंती. कच्च्या विटांच्या होत्या. वरच्या थराच्या वर काही नव्हतं. तो थर काढल्यावर त्याच्या खालच्याच्या वर काही नव्हतं.

भिंती कमरेपर्यंत आल्या तरी हरबा दारातूनच आत-बाहेर करायचा. गुडघ्यापर्यंत आल्या तेव्हा विहिरीवर अंघोळीला जाताना त्यानं दाराला कुलूप लावलं. अक्षय्यतृतीयेच्या दिवशी दाराच्या चौकटीची पाळी आली. तिच्या वर एक फुलपाखरू होतं. त्यासाठी थोडा वेळ गेला.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी आली. पुढं गाडीवान, मागं सासूबाई, आणि गोजरा, मांडीवर लेक. गाडी गल्लीत वळली, थोडी पुढं गेली, मागं आली आणि थांबली.

उघड्या जोत्यावर हरबा उभा होता. अंघोळ केलेला, धुतलेला सदरा, कपाळाला गंध.

"या," तो म्हणाला. "आवरलंय."

सासूबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. "जावईबापू, घर कुठंय?"

"फणसाखाली रचून ठेवलंय. एक वीट फुटू दिली नाही."

"मी पाळण्यापुरती जागा करा म्हणाले होते!"

"केली की. बघा ना, कुठंही टांगा."

"कशाला टांगू? ढगाला?"

हरबानं वर पाहिलं. आभाळ लख्ख होतं. "आज नाहीत," तो म्हणाला.

सासूबाईंचा आवाज चढला. "मग हे जोतं तेवढं कशाला ठेवलंत? तेही काढायचं होतं!"

"काढणारच होतो," हरबा ओशाळून म्हणाला. "पण त्याच्यावर मी उभा आहे."

"फिरव रे गाडी," सासूबाई गाडीवानाला म्हणाल्या. "चल गं गोजरे. या माणसाच्या घरी माझी नात राहायची नाही. आणि घरच नाही म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

हरबाचा चेहरा उतरला. त्यानं सगळं सांगितलं तसं केलं होतं. कुठं चुकलं ते त्याला खरोखरच समजत नव्हतं. गोजरानं ते तोंड पाहिलं आणि लेकीला घेऊन खाली उतरली.

"अहो, आधी खाली या तुम्ही. बघा तरी हिच्याकडे."

हरबा खाली आला. लेकीनं त्याचं बोट धरलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जरा वेळानं लेकीनं आपण होऊन बोट सोडलं. हरबानं डोळे पुसले, वळला आणि जोत्याकडे पाहिलं.

जोत्याच्या वर आता काहीच नव्हतं.

त्यानं पहार उचलली.

गोजरानं या माणसाबरोबर तीन वर्षं संसार केला होता. पहार खाली येण्याआधी ती लेकीसकट जोत्याच्या कोपऱ्यावर चढून बसली होती. हरबानं हात आवरला.

"अगं, बसतेस काय? चल!" सासूबाई ओरडल्या.

"आई, मी उठले तर हे एवढंही ठेवायचे नाहीत."

हरबानं मान डोलावली. गोजरा बरोबर बोलत होती. मग तो पहार घेऊन दुसऱ्या कोपऱ्याकडे गेला. तिथं कुणी नव्हतं.

"अहो जावईबापू! अहो!" सासूबाई धावत आल्या आणि त्या कोपऱ्यावर धपकन बसल्या.

हरबा तिसऱ्या कोपऱ्याकडे वळला. गाडीवान समजूतदार माणूस होता. त्यानं उसासा टाकला, बैल सोडले, आणि जाऊन तिसऱ्या कोपऱ्यावर बसला.

हरबा चौथ्याकडे निघाला.