जानाईच्या टेकडीवरचं बिनघराचं दार

हिंगणदऱ्याच्या जानाईच्या टेकडीवर एक दार आहे, त्याला घर नाही. सागवानी चौकट, खाली झिजलेला उंबरठा, वर हळदीकुंकवाचे थर, आणि दोन्ही बाजूंना मोकळं रान. दाराच्या मागं पत्र्याचा लांबलचक मांडव आहे. त्यात नांगर, कुळव, तिफणी, जू, मोटा, दगडी रूळ अशी जुनी शेतीची अवजारं ओळीनं मांडून ठेवली आहेत. सगळी तेल लावून पुसलेली. म्हाताऱ्या माणसांना एखाद्या लग्नात पहिल्या रांगेत बसवावं तशी ती बसली आहेत.

भिंत नसली तरी आत जायचं ते दारातूनच. बाजूनं गेलेल्या पाहुण्याला सोपानबुवा गुरव परत बोलावतात आणि दारातून आणतात, मग तो कलेक्टर असो की कलेक्टरचा मेहुणा. गाडीच्या चाकाला काच लावून टेबल करायचं आहे, केवढ्याला द्याल, असं विचारणारेही हल्ली बरेच येतात. त्यांना बुवा आधी खाली बसवतात, पाणी देतात, आणि मग ही हकिकत सांगतात. ती ऐकून झाल्यावर पुन्हा किंमत विचारणारा अजून भेटलेला नाही म्हणतात.

फार जुनी गोष्ट. या गावात ठकूबाई नावाची बाई होती आणि हैबती तिचा नवरा. ठकूबाईची जीभ विळ्यासारखी, पण हात सोन्याचा. हैबती उलटा, तोंडात जीभ आहे की नाही असं वाटावं इतका गरीब. श्रावणात ठकूबाईचा भाऊ अचानक दारात उभा राहिला. भाऊ आला म्हणजे पुरण शिजलंच पाहिजे, आणि घरात तर वाळलेली काटकी नाही. माळ्यावर हैबतीच्या आज्याची तिफण पडली होती, पेरणीची, मोडकी, कित्येक वर्षांत कुणी हात न लावलेली. ठकूबाईनं ती खाली ओढली, कुऱ्हाडीनं तुकडे केले आणि चुलीत घातली. बाभळीचं लाकूड ते, निखारा असा पडला की पुरण कधी नव्हे ते झकास शिजलं. भाऊ तृप्त होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी हैबतीचा कवड्या बैल बसला तो उठेना. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं आणि डोळे पांढरे. उरलेल्या पुरणाची पाटी रात्री त्यानंच फस्त केली होती असं काहीजणांचं म्हणणं आहे, पण देवाधर्माच्या गोष्टीत पुरणाच्या पाटीला कोण विचारतो? हैबतीला एकच दिसत होतं. ज्या तिफणीनं तीन पिढ्यांचं पोट भरलं, ती आपल्या चुलीत गेली. तो धावत टेकडीवर गेला आणि जानाईपुढं आडवा पडला. बायकोला एक शब्द बोलला नाही, देवीला मात्र भरभरून बोलला.

"आई, कवड्या उठू दे," तो म्हणाला. "कुठल्या अवजाराला पुन्हा चूल दावनार न्हाई. माझ्या दारात आल्यालं जुनं अवजार म्या कवाच माघारी धाडनार न्हाई."

पहिलं वाक्य पुरे होतं. दुसऱ्याची देवीनं मागणी केली नव्हती. पण भोळा माणूस नवस बोलायला लागला की हात सैल सुटतो. हैबती घरी पोचला तेव्हा कवड्या उभा राहून वैरण खात होता. आणि नवस देवीनं ऐकला तसा देवळातल्या गुरवानंही ऐकला होता, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तो गावानं ऐकला.

बैलाचं पाहून जुनं अवजार जाळायची कुणाची छाती होईना, आणि अडगळ तर प्रत्येकाच्या घरात. तिला आता हक्काचं दार मिळालं. पहिल्यांदा एक मोडकं जू आलं, मग दात पडलेले कुळव आले. चामड्याची एक मोट आली, तिच्या वासानं शेजारच्या म्हशी दूध चोरायला लागल्या म्हणे. दगडी रूळ आणायला तर अर्धी आळी हसत खिदळत लोटली होती. हैबती प्रत्येक अवजाराच्या पायावर, म्हणजे जिथं पाय असावेत असं त्याला वाटे तिथं, पाणी घाली, कुंकू लावी आणि माहेरवाशिणीसारखं आत घेई. ठकूबाईची चूल माजघरातून ओसरीवर आली, ओसरीवरून अंगणात आणि अंगणातून लिंबाखाली. दोन नांगरांच्या मध्ये जेवढी जागा उरली तेवढ्यात नवराबायको झोपत. तिनं कूस बदलायची म्हटली तर त्याला उठून बसावं लागे.

ती रोज बोलायची. या घरात माणूस कोण आणि लाकूड कोण ते एकदा ठरवा, असं विचारायची. हैबती म्हणायचा, नवस आहे. तिफण आपणच जाळली हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे तिचं बोलणं तिथं जरा अडखळायचं. त्यानं ते तिला कधी ऐकवलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग येई.

मग शेजारच्या गावानं उसाचा चरक पाठवला. हलगी लावून, गुलाल उधळत, गाड्यावर घालून. त्या लोकांना चांगलं माहीत होतं की तो आत मावणार नाही. हैबतीनं तरी कुंकू लावलं आणि चरक दारातच अडकला. आता घरात जायचं तर चरकाखालून रांगत जायला लागे. ठकूबाई एकदा रांगली, दोनदा रांगली. तिसऱ्यांदा तिचा पदर चरकाच्या दात्यांत अडकला तेव्हा ती तशीच बसली आणि तिनं नवस पुन्हा एकदा नीट आठवला. माझ्या दारात आलेलं अवजार, असे शब्द होते. माझ्या घरात, असे नव्हते.

तिनं सुताराला बोलावलं आणि घराची चौकट उंबरठ्यासकट काढायला लावली. मग कवड्याला गाडीला जुंपलं, चौकट टेकडीवर नेली आणि देवळाच्या बाजूला माळावर उभी केली. हैबती मागून धापा टाकत आला, त्याला ती म्हणाली, दार तुमचंच आहे, ते कुठं उभं करायचं ते मी ठरवणार. तोही विचारात पडला. नवस कुठं मोडला ते त्याला सापडेना. गुरवानंही काही हरकत घेतली नाही, कारण अवजारं इकडं आली की मागोमाग नारळ येणार हे त्याला कळत होतं. सगळी अडगळ टेकडीवर गेली, तिच्यावर मांडव घातला गेला आणि घराला दाराऐवजी गोणपाट लागलं.

लोक काही थांबले नाहीत. तेव्हा ठकूबाई स्वतः त्या उंबरठ्यावर जाऊन बसली आणि तिनं नेम घातला. अवजार आणणाऱ्यानं उंबऱ्यापाशी उभं राहून चारचौघांत त्याचं काम सांगायचं. ते कुणी घडवलं, कुणाच्या हातात चाललं, कुठलं रान त्यानं कसलं, सगळं. सांगितलं तर अवजार मांडवात राहील. सांगता आलं नाही तर ज्यानं आणलं त्यानंच ते घरी न्यावं. आम्ही माघारी धाडत नाही, तुम्हीच नेताय, असं ती वर म्हणायची. निम्मे लोक तिथूनच परतले. काहीजण मात्र घरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारून आले, आणि आज्याच्या नांगराबद्दल सांगता सांगता त्यांचाच हात त्यावरून निघेना. तेव्हापासून मांडवात उगाचचं असं एकही अवजार आलं नाही.

वर्षं गेली. हैबती थकला, नजर अधू झाली. एका पेरणीला तो हट्टानं तिफणीमागं गेला आणि सगळं बी एकाच कोपऱ्यात सोडून आला. ज्वारी उगवली ती त्या कोपऱ्यात, माणसाच्या शेंडीएवढी दाट, आणि बाकी रान साफ टक्कल. वाटेवरून जाणारा येणारा थांबून हसू लागला. ठकूबाईला ते सहन झालं नाही आणि तिनं उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तुमीबी आता टेकडीवरच शोभाल," ती म्हणाली.

 दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतीनं अंघोळ केली, धुतलेलं पागोटं घातलं, स्वतःच्याच कपाळाला कुंकू लावलं आणि टेकडी चढून त्या दारातून आत गेला. नांगर आणि मोट यांच्यामध्ये जागा होती, तिथं बसला.

पहिल्यांदा ठकूबाईला वाटलं, भूक लागली की येईल. तो आला नाही. तिनं पाटीत घालून भाकरी वर नेली, तर भाकरी खाल्ली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. म्हणाला, दारात आलेलं माघारी जात नाही. रुसलेल्या माणसाला समजावता येतं, नवसाला कसं समजावणार? घर आता मोकळं होतं, मनासारखं, ऐसपैस. हव्या त्या कुशीवर वळता येत होतं, आणि तिला डोळ्याला डोळा लागत नव्हता. 

शेवटी खंडेनवमीला, अवजारांच्या पूजेला, गाव टेकडीवर जमलं तेव्हा तिनं सगळ्यांसमोर गाऱ्हाणं घातलं. गुरवानं विचारलं, याला आणलं कुणी? ती म्हणाली, पायांनी तो आला, पण आणलं माझ्या जिभेनं. मग सोपं आहे, गुरव म्हणाला. नेम तुझाच आहे. उंबऱ्यावर उभी राहा आणि एवढंच म्हण की याचं काम मला ठाऊक नाही. मग घेऊन जा घरी.

गावाला वाटलं, झालं. या माणसानं जन्मात काही केलं नाही, हे ठकूबाई रोज उठून सांगत आली होती. ती उंबऱ्यावर उभी राहिली, तोंड उघडलं, आणि नेमकं आजच तिला ते वाक्य म्हणवेना.

"ते जू बघा," ती म्हणाली. "कवड्याचा जोडीदार मेला तवा त्येच्या जागी ह्येंनी खांदा लावला. अर्दं रान नांगरलं. वळ अजून हायेत."

मग थांबणं तिच्या हाती राहिलं नाही. ओढ्याकडच्या रानातले धोंडे त्यानं कसे उपसले, नखं गेली तरी कसे उपसले ते तिनं सांगितलं. ती तापानं पडली होती तेव्हा त्यानं एका बाजूनं कच्ची आणि एका बाजूनं कोळसा अशी भाकरी करून तिला भरवली होती, ते सांगितलं. तिफण जाळली त्याबद्दल एका शब्दानं बोलला नाही, तेही सांगितलं. गावानं डोळ्यांना पदर आणि पागोटी लावली. आणि सगळं सांगून झाल्यावर गुरवानं कपाळाला हात लावला. काम सांगितलं गेलं होतं, इतकं चांगलं की असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. नेमाप्रमाणे हैबती आता मांडवाचा झाला.

ठकूबाईला ते उमगलं. ती दारातून आत गेली आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. म्हणाली, मग मलाही ठेवा. गुरव म्हणाला, तुझ्या कामाचं कोण सांगणार? सगळ्यांनी हैबतीकडं पाहिलं.

हैबती उठला, उंबऱ्यावर गेला. जन्मात जेवढं बोलला नव्हता तेवढं बोलायला लागला. पेरताना मागून बी भरायची, म्हणाला. खुरपायची, दळायची. एक म्हातारी गर्दीतून म्हणाली, आणि पाणी? तो म्हणाला, हो, पाणी आणायची. दुसरी म्हणाली, आणि शेणाच्या गवऱ्या? हो, गवऱ्या. भर उन्हात मळणी? हो, तीही. बायका एकेक सांगू लागल्या आणि तो प्रत्येकीला मान डोलवत राहिला. ऊन कलायला आलं. मग तो वळून ठकूबाईकडं बघत राहिला.

"हिचं काम मला सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "म्या कदी बगितलंच न्हाई."

 मग गुरवानं घसा साफ करून निकाल दिला. सांगता आलं नाही, तर नेमाप्रमाणे हैबतीनं ठकूबाईला घरी न्यावं. पण तो तर मांडवाचा, तो कसा बाहेर जाणार, असं एकानं काढलं. गुरवाला भूक लागली होती. कामाला लागलेलं अवजार मांडवात ठेवायचं नसतं, असं त्यानं ठणकावून सांगितलं, आणि ते जानाईलाही पटलं असावं, कारण काही विपरीत घडलं नाही. हैबतीनं भाकरीची रिकामी पाटी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि बायकोचा हात धरून टेकडी उतरला. पुरुषाच्या डोक्यावर पाटी पाहून गाव आधी हसलं आणि मग हसायचं थांबलं, असं सांगतात.

आजही खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की गावातली म्हातारी जोडपी या दारापाशी येतात. बायको आत जाऊन नांगराशेजारी बसते आणि नवरा उंबऱ्यावर उभा राहून तिचं काम सांगू लागतो. काहीजण आठवडाभर पाठ करून येतात. मांडव अवजारांनी भरला, नवे पत्रे दोनदा घालावे लागले, पण आजवर एकही बाई त्यात राहिलेली नाही. संध्याकाळी सगळे नवरे डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं टेकडी उतरतात, आणि बायका मोकळ्या हातांनी पुढं चालत असतात.