आजेसासूबाईंची वही आणि गोठवलेली पेटी

मला जावास्क्रिप्ट मुखोद्गत आहे. म्हणजे नाव पाठ आहे. पुढचं शिकायला बसलो तेव्हा मास्तरांनीच हात जोडले. गोष्ट सांगायला तेवढं पुरतं.

डोंगरापलीकडच्या एका गावात एक वैदीणबाई होत्या. हाताला गुण होता, पण हल्ली त्यांना विसरायला होई. काढ्यांची मापं आजेसासूबाईंच्या वहीत होती, आणि वहीला वाळवी लागली होती. म्हणून त्यांनी गावातल्या हुशार प्रोग्रामरला बोलावलं. हुशार हे त्याचंच म्हणणं.

त्याने सगळी वही कॉम्प्युटरात उतरवली. एक मोठी पेटी, पेटीत प्रत्येक औषधाची छोटी डबी, डबीत माप. मग पेटीला जावास्क्रिप्टचा ‘फ्रीझ’ हा हुकूम दिला.

“गोठली! आता ब्रह्मदेव आला तरी बदल नाही. काढून बघा एखादं औषध.”

बाईंनी काढून पाहिलं, निघेना. नवं घालून पाहिलं, शिरेना.

“आणि डबीच्या आतलं रे?”

“अहो आजी, पेटीच गोठलीय, डबी कुठं जातेय? जाळा ती वही, नाहीतर वाळवी घरभर होईल.”

बाईंनी वही बंबात घातली.

आता, फ्रीझने नुसती पेटी गोठते, आतल्या डब्या मोकळ्याच राहतात. एवढं मलासुद्धा ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

पोर आजारी पडलं की प्रोग्राम मोठ्यांचं माप निम्मं करी. ते निम्मं वेगळं ठेवायचं सोडून या शहाण्याने मूळ डबीतच लिहायला लावलं होतं. कॉम्प्युटरची ना तक्रार, ना आवाज. तापाच्या काढ्याचे आठ चमचे होते, चार झाले. पुढच्या पोराला दोन. रोज संध्याकाळी ती पेटी कालची पुसून तिच्याच जागी साठवली जाई.

पावसाळा सरताना गावचा कुंभार तापाने पडला. चांगला धट्टाकट्टा गडी. बाईंनी पडद्यावर बघून काढा दिला. पाव चमचा.

“एवढासा?” कुंभार हसला. “प्यालो म्हणून कुणाला सांगू?”

आठवड्यात तो गेला.

मग डब्या उघडल्या. कुठलं माप कितीदा निम्मं झालं, याची नोंदच नव्हती. बाई डोळे मिटून आठवत बसल्या. एकही आकडा आला नाही.

तात्पर्य: वरची पेटी गोठवून भागत नाही, आतली डबी न् डबी गोठवावी. हे मी नाही, प्रोग्रामरच म्हणाला, नाक पुसत.

“आता एकूण एक डबी गोठवतो, आजी.”

“काय गोठवतोस? पाव चमचा?”