चुन्याचे गोळे

"मग माझा औषधाचा कण उघडत का नाही, बाबा?"

हेमांगीने तिसऱ्यांदा विचारलं. दर्ग्याच्या ओट्यावर दावलबाबा फकीर माती मळत बसला होता. भाद्रपदातलं धुकं इतकं दाट की हिरवा घुमट पाण्यावर तरंगतोय असं वाटावं.

"वाटेत विरघळत नाही?" बाबाने विचारलं.

"नाही. पॉलिमरचं कवच आहे. इतका बारीक कण की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. रक्तातून निघतो, थेट यकृताच्या पेशीत शिरतो."

"आत काय भरलंस?"

"आरएनएचा तुकडा. एका जनुकाला गप्प करणारा. दादाच्या यकृतातलं ते जनुक सारखं विष बनवतंय, बाबा."

"झालं गप्प?"

"दादाला कुठे दिलंय अजून? आधी उंदरावर बघतोय."

"उंदराचं विचारतोय मी. दादाचं नाही."

"नाही झालं. कण पेशीत जसेच्या तसे पडून आहेत." तिचा आवाज चढला. "एवढं पक्कं कवच आमच्या प्रयोगशाळेत कुणाला जमलेलं नाही! आता एका खेपेपुरता आरएनए उरलाय. सोमवारी आणखी एक थर चढवणार आहे."

बाबाने हात धुतले. "चल, डॉक्टरीणबाई."

दोघं उतारावरून खाली निघाली. पायाखालची वाट दिसत नव्हती. बाबाची कफनी तेवढी पुढे हलत होती.

गेल्या वर्षी ती दादाला घेऊन इथे आली होती. तिघांनी बसून शेणमातीचे गोळे वळले होते, प्रत्येकात करंजाचं एकेक बी, आणि ते याच उतारावर टाकले होते. बाबाचे गोळे भुसभुशीत. पहिल्याच सरीत वाहून जातील, असं तिला वाटलं होतं. मग कुणाला न सांगता तिने आपल्या मातीत दर्ग्याच्या रंगकामाचा चुना कालवला होता.

धुक्यातून गुडघाभर उंचीची रोपं वर आली. ओली, चकचकीत. त्यांच्या मधेमधे काहीतरी पांढरं पडलेलं होतं.

तिने एक गोळा उचलला. लिंबाएवढा, गुळगुळीत. तिच्या बोटांचे ठसेसुद्धा तसेच.

"बाबा, एकही फुटला नाही!"

स्वतःचा आनंदी आवाज तिला धुक्यातून परत ऐकू आला...

"माझे शोध बरं," बाबा म्हणाला.

ती गुडघ्यांवर बसली. एका रोपाच्या बुडाशी बोटं घातली, मग दुसऱ्याच्या. मऊ मातीच हाताला लागत होती.

"तुमचे... नाहीत."

तिने पांढरा गोळा पुन्हा हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं? चुन्याचं?"

"नखं पांढरी होती की तुझी."

"मग बोलला का नाहीत?"

बाबाने तिच्या हातातला गोळा घेतला, कफनीला पुसला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

"घेऊन जा. सोमवारी थर चढवताना समोर ठेव. इतका चांगला गोळा मला अजून एकदाही वळता आला नाही."